ऑक्सफर्डचं इन्स्टिट्यूटच बंद झालं, आता मी पीएचडी करू की परत येऊ?

या वेळचं पत्र इंग्लंडहून आलंय आणि चांगलं लांबलचक आहे, त्यामुळे सगळं देत नाही, मुद्द्याचं तेवढं देते.

"ताई, मी मूळची कोल्हापूरची. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, मग हिंजवडीत नोकरी. तिथे असताना ऑक्सफर्डच्या निक बोस्ट्रॉम या फिलॉसॉफरचं सुपरइंटेलिजन्स, म्हणजे माणसापेक्षा हुशार एआयच्या धोक्यांवरचं पुस्तक, वाचलं आणि डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. २८ लाखांचं लोन काढून लीड्सला फिलॉसॉफीचं मास्टर्स करायला आले. पुढे त्यानेच काढलेल्या ऑक्सफर्डच्या फ्युचर ऑफ ह्युमॅनिटी इन्स्टिट्यूटमध्ये जायचं हे ठरलेलं होतं. पण मी इथे यायच्या आधीच, एप्रिल २०२४ मध्ये ते बंद झालं. तरी आले, म्हटलं बघू. आता मास्टर्स झालंय. बाबा म्हणतात, ज्या ऑक्सफर्डचं नाव सांगून नोकरी सोडलीस त्याच ऑक्सफर्डने दुकान बंद केलं, म्हणजे त्या विषयात काही दम नाही, परत ये. इथला मित्र म्हणतो युनिव्हर्सिटी नावाचा प्रकारच कुजलेला आहे, सरळ एआय कंपनीत शिर. माझ्यासमोर तीन गोष्टी आहेत. एका युनिव्हर्सिटीतल्या नव्या सेंटरमध्ये दोन वर्षांची रिसर्च असिस्टंटची जागा मिळतेय. दुसऱ्या एका जुन्या फिलॉसॉफी डिपार्टमेंटमधल्या प्रोफेसरबाई पुढच्या ऑक्टोबरपासून पीएचडीला घ्यायला तयार आहेत, पैशाचं अजून बोलणं झालेलं नाही. आणि लंडनमधल्या एका कंपनीत सेफ्टी टीमचा पहिला इंटरव्ह्यू झालाय. स्टुडंट व्हिसा जानेवारीत संपतोय, ग्रॅज्युएट व्हिसाचा (डिग्री झाल्यावर इथे राहून नोकरी करायला मिळतो तो) अर्ज अजून केलेला नाही. रात्र रात्र झोप येत नाही. आणि खरं सांगू का, ऑक्सफर्डचा रागसुद्धा येतो. – गोंधळलेली लीड्सकर"

प्रिय लीड्सकर,

आधी ऑक्सफर्डचं बोलू, कारण तू, तुझे बाबा आणि तुझा मित्र, तिघंही एकाच घटनेवरून तीन वेगवेगळे निष्कर्ष काढताय आणि मला तिन्ही जरा घाईचे वाटतात. व्हिसाचं त्यानंतर, पण ते वाचल्याशिवाय हे पान बंद करू नकोस, त्यात तारखांचा घोळ आहे.

तर बाबांना आधी हे सांग की ते इन्स्टिट्यूट २००५ मध्ये सुरू झालं तेव्हा फक्त तीन वर्षांसाठी होतं. तीन! चाललं एकोणीस वर्षं. हे त्यांच्याच वेबसाइटवर, बंद करतानाच्या निवेदनात पहिल्याच ओळीत लिहिलेलं आहे. आणि त्या एकोणीस वर्षांत झालं काय, तर मानवजात नष्ट होण्याचा धोका हा विषय, ज्याला आधी लोक सायन्स फिक्शनवाल्यांचं खूळ म्हणायचे, तो अभ्यासाचा विषय झाला. एआय आपल्या हाताबाहेर जाईल का, ते माणसाच्या हेतूंशी जुळवून कसं ठेवायचं, त्याच्यावर सरकारांनी नियंत्रण कसं आणायचं, कुठली माहिती प्रसिद्ध करणंच धोक्याचं असतं, या सगळ्यावर तिथे काम झालं. २०१८ मध्ये एआयचा गैरवापर कसा कसा होऊ शकतो यावरचा मोठा रिपोर्ट आला त्यात हे लोक होते, कोविडमध्ये ४१ देशांचा डेटा घेऊन शाळा बंद ठेवण्याने किती फरक पडला, गर्दीवरच्या बंदीने किती, हे मोजणारा जो पेपर सायन्समध्ये आला त्याच्यामागेही तिथलीच तरुण पोरं होती. सगळंच भारी होतं असं माझं म्हणणं नाही, काही पेपर वाचताना मला स्वतःला वाटलेलं आहे की बाबांनो, हजार कोटी वर्षांनंतरच्या गॅलक्सीची काळजी करताय, जरा उद्याचं बघा. पण "विषयात दम नाही" म्हणून ते बंद पडलं हे म्हणणं तारखांवर टिकत नाही. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये, ब्रिटनच्या पंतप्रधानांनी ब्लेचली पार्कला एआयच्या धोक्यांवर जागतिक परिषद भरवली नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि त्याच सुमारास सरकारने एआय सेफ्टी इन्स्टिट्यूट काढलं. म्हणजे ज्या महिन्यांत अख्खं जग या विषयाकडे वळलं त्याच महिन्यांत ऑक्सफर्डमध्ये याचं कुलूप शोधणं चालू होतं. विषय मेला म्हणून इन्स्टिट्यूट मेलं असतं तर हे उलट दिसलं असतं ना?

पैसे संपले म्हणावं तर तेही नाही. आपल्याकडे एखादं केंद्र बंद पडलं की आपण गृहीतच धरतो की ग्रँट आटली असणार. इथे मामला उफराटा होता. २०१८ मध्ये एकाच देणगीदाराने एक कोटी पाउंडांहून जास्त रक्कम द्यायचं कबूल केलं होतं, त्याआधी मस्कच्या पैशातलाही वाटा मिळालेला. तरीही २०२० पासून, ज्या फिलॉसॉफी फॅकल्टीच्या हाताखाली ते चालायचं तिने नवीन देणग्या घ्यायला आणि नवीन माणसं घ्यायला बंदी केली. २०२३ च्या शेवटी उरलेल्या लोकांची काँट्रॅक्टं पुढे वाढवायची नाहीत असं ठरलं आणि १६ एप्रिल २०२४ ला सगळं आटोपलं. माणसं गळत गेली, नवीन येईनात, असं चार वर्षं. एका झटक्यात तोडलं असतं तर निदान आरडाओरडा तरी झाला असता.

का केलं असं? बोस्ट्रॉमचं म्हणणं की नोकरशाहीने मारलं. युनिव्हर्सिटीचं म्हणणं इतकंच की संशोधनाच्या रचनेचा आम्ही वेळोवेळी विचार करत असतो, या विषयातलं त्यांचं योगदान महत्त्वाचं आहे, बाकीचे लोक काम पुढे नेतील. म्हणजे काहीच नाही म्हटलं तरी चालेल. लोक दोन गोष्टींकडे बोट दाखवतात, एक म्हणजे बोस्ट्रॉमने नव्वदच्या दशकात लिहिलेला एक वंशद्वेषी ईमेल, ज्याबद्दल त्याने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःच माफीनामा टाकला आणि वर आणखी वाद ओढवून घेतला, आणि दुसरं म्हणजे नोव्हेंबर २०२२ मधलं एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीचं दिवाळं, जिच्या मालकाचे इफेक्टिव्ह अल्ट्रुइझमवाल्यांशी (कुठे पैसा आणि वेळ घातला तर सगळ्यात जास्त भलं होईल याचा हिशोब मांडणारी मंडळी), म्हणजे यांच्या शेजारच्याच गोतावळ्याशी, जवळचे संबंध होते. या दोन्हीमुळे यांची पत वाढली नाही हे उघड आहे. तो ईमेल वाईटच होता, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण भरतीबंदी २०२० ची आहे, ही दोन्ही प्रकरणं नंतरची. तेव्हा मूळ दुखणं आधीचं.

ते काय होतं याचा सगळ्यात चांगला अंदाज तिथल्याच अँडर्स सँडबर्ग या संशोधकाने लिहिलेल्या इन्स्टिट्यूटच्या शेवटच्या रिपोर्टमधून येतो. तू वाचला नसशील तर वाचच, आणि पेपरांच्या याद्या सोडून प्रशासनाबद्दलची पानं वाच, लोक नेमकी तीच गाळतात. त्यात त्याने सांगितलंय की त्यांच्या ऑफिसचं काम बघणाऱ्यांपैकी कोणीतरी गमतीने "ऑक्सफर्ड" नावाचं एकक काढलं होतं. एक ऑक्सफर्ड म्हणजे ३०८ ईमेल वाचायला आणि लिहायला लागणारी मेहनत. का ३०८? कारण एक छोटीशी ग्रँट, जी देणाऱ्यानेही मंजूर केलेली होती आणि युनिव्हर्सिटीनेही, ती फॅकल्टीतल्या त्यांच्या खात्यात येऊन खर्च करता यावी एवढ्यासाठी खरोखर तितके ईमेल झाले होते.

तुझा मित्र हे वाचून म्हणेल, बघ, मी म्हणत नव्हतो? थांब जरा. मी ब्रिटनमधल्याच एका युनिव्हर्सिटीच्या रिसर्च ऑफिसात बरीच वर्षं काढलेली आहेत, त्यामुळे त्या ३०८ मधले दुसऱ्या बाजूचे ईमेल कोण आणि का लिहितं ते मला माहितेय. पैसा सेंटरच्या नावावर येत नाही, युनिव्हर्सिटीच्या खात्यात येतो. माणूस सेंटरचा नसतो, युनिव्हर्सिटीचा नोकर असतो, उद्या त्याने कोर्टात खेचलं तर उभं राहायला फॅकल्टी. आणि ती फॅकल्टी फिलॉसॉफीची! त्यांचं रोजचं काम म्हणजे ट्युटोरियल, परीक्षा, पदव्या. त्यांच्या छपराखाली कॉम्प्युटरवाले, गणितवाले, साथीच्या रोगांवर काम करणारे, मेंदूची नक्कल मशीनवर उतरवता येईल का याचा हिशोब मांडणारे असे लोक जमा झालेले, ज्यांचा उघड सांगितलेला हेतूच हा की आम्ही आमच्या माणसांना नेहमीच्या ॲकॅडेमिक कटकटींपासून लांब ठेवणार. आता नेहमीची कटकट म्हणजे काय तर शिकवणं, कमिट्यांवर बसणं, पेपर तपासणं, म्हणजे शेजारच्या खोलीतला लेक्चरर जे मान मोडून करतोय ते. तो लेक्चरर यांच्याकडे कुठल्या नजरेने बघत असेल? दुसऱ्याच्या वाड्यात बिऱ्हाड करायचं, मालकापेक्षा जास्त पाहुणे आणायचे, आणि वाड्याच्या गणपतीला खाली उतरायचं नाही, हे किती दिवस चालणार. सँडबर्गनेही हे मान्य केलंय बरं का, की युनिव्हर्सिटीच्या राजकारणात आणि माणसं जोडण्यात आम्ही पुरेसा जीव ओतला नाही. मला तर त्या रिपोर्टमधलं हे वाक्य ३०८ ईमेलपेक्षा मोलाचं वाटतं.

फॅकल्टीची चूक नव्हती असं नाही हां. ज्याला ठेवायचंच नाही त्याला चार वर्षं लटकत ठेवणं हा काही शहाणपणाचा नमुना नाही, त्यात सगळ्यात जास्त भरडली जाते ती तुझ्या वयाची, दोन-दोन वर्षांच्या काँट्रॅक्टवरची मंडळी, बोस्ट्रॉम नाही. आणि गंमत बघ, त्याच फॅकल्टीत आता इन्स्टिट्यूट फॉर एथिक्स इन एआय आहे, ज्याचा पैसा २०१९ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकन उद्योगपती श्वार्झमन यांच्या १५ कोटी पाउंडांच्या देणगीतून आला. म्हणजे एआयचं वावडं नव्हतं, देणगीचंही नव्हतं. हे नवं घर मात्र फॅकल्टीने स्वतः आखलेलं होतं. दुसरीकडे ग्लोबल प्रायोरिटीज इन्स्टिट्यूट, तीही ऑक्सफर्डमधलीच आणि याच गोतावळ्यातली, २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा बाबांच्या हातात हा मुद्दा यायच्या आधी तूच सांगून टाक.

"मग नंतर काय झालं" हे तू पत्रात विचारलंच नाहीस, आणि मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. तिथला ॲलन डॅफो आणि त्याचा एआय गव्हर्नन्सवाला, म्हणजे एआयवर नियंत्रण कसं ठेवायचं ते बघणारा, गट तर कुलूप लागायच्या कितीतरी आधी, २०२१ मध्येच बाहेर पडला, सेंटर फॉर द गव्हर्नन्स ऑफ एआय म्हणून स्वतंत्र झाला, आणि डॅफो स्वतः गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीत गेला. तिथलाच फिलॉसॉफर टोबी ऑर्ड ऑक्सफर्डमध्येच एआय गव्हर्नन्सच्या दुसऱ्या गटात गेला. बोस्ट्रॉमने नोकरी सोडली आणि मॅक्रोस्ट्रॅटेजी रिसर्च इनिशिएटिव्ह नावाची स्वतःची संस्था काढली. सँडबर्ग स्वीडनला, स्टॉकहोमच्या इन्स्टिट्यूट फॉर फ्युचर्स स्टडीजकडे. ती संस्था बघण्यासारखी आहे, १९७३ मध्ये सरकारी सचिवालय म्हणून सुरू झाली आणि १९८७ पासून स्वतंत्र फाउंडेशन आहे, डोक्यावर कुठलीही फॅकल्टी नाही. म्हणजे नावाजलेल्यांपैकी कोणी रस्त्यावर आलं नाही. ज्यांचं नाव तेवढं झालेलं नव्हतं त्यांचं काय झालं हे कुठे छापून येत नसतं. आणि तू सध्या त्या दुसऱ्या गटात मोडतेस, म्हणून मी बोस्ट्रॉमचं उदाहरण देऊन तुला धीर देणार नाही.

आणखी एक. भविष्याचा अभ्यास करणारं सगळंच काही असं बंद पडत नाही. हवाई विद्यापीठातलं फ्युचर्स स्टडीजचं केंद्र १९७१ मध्ये तिथल्या विधिमंडळाने काढलं, आणि जिम डेटर या प्राध्यापकांनी ते पॉलिटिकल सायन्स डिपार्टमेंटच्या आत बसवलं, पोरांना शिकवत शिकवत. ह्यूस्टन विद्यापीठाचा याच विषयातला मास्टर्सचा कोर्स १९७० च्या दशकातला, एका कॅम्पसवरून २००७ मध्ये दुसऱ्या कॅम्पसवर गेला पण चालू राहिला. हे लोक आणि बोस्ट्रॉमची मंडळी यांचं एकमेकांशी फारसं जमत नाही, एकाला दुसरा हवेतला वाटतो. पण विद्यार्थी असले, त्यांच्या फी असल्या, पदवीवर नाव असलं की बंद करणाऱ्याला दहा वेळा विचार करावा लागतो. नुसतं संशोधन करणारं केंद्र बंद करायला मात्र एक मीटिंग पुरते.

आता तुझं. आधी व्हिसा, कारण त्याला भावना कळत नाहीत.

ग्रॅज्युएट व्हिसा एकदाच मिळतो. आत्ता मास्टर्सवर घेतलास तर दोन वर्षं मिळतील, पण मग पीएचडी झाल्यावर जी तीन वर्षं मिळाली असती ती गेली. (मास्टर्सवाल्यांची दोन वर्षं जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड होणार आहेत, पण तुझा अर्ज त्याआधीचा असेल.) तेव्हा पीएचडी नक्की असेल तर हा पत्ता आत्ता टाकायचा का, याचा विचार कर. प्रोफेसरबाईंना विचार की ऑक्टोबरऐवजी जानेवारीत किंवा एप्रिलमध्ये सुरू करता येतं का, कित्येक ठिकाणी येतं, कोणी विचारत नाही एवढंच. जानेवारीचं जमलं तर स्टुडंटवरून स्टुडंट असा सरळ अर्ज. नाही जमलं तर सात-आठ महिने कोल्हापूरला जाऊन राहा, ऑनलाइन काहीतरी काम कर, तिथून स्टुडंट व्हिसा काढ. बाबांना वाटेल त्यांचं ऐकलंस, वाटू दे. आणि पीएचडी नको, नोकरीच करायची असं ठरलं तर मात्र ग्रॅज्युएट व्हिसा आता लगेच, स्टुडंट व्हिसा संपायच्या आत, इथे असतानाच. जानेवारी म्हणजे लांब नाही. आणि या बाबतीत माझ्यावर विसंबू नकोस, तुझ्या युनिव्हर्सिटीत इंटरनॅशनल ऑफिस असतं, तिथला व्हिसा ॲडव्हायजर फुकट बोलतो, या आठवड्यात जाऊन ये.

सेंटरची नोकरी. ग्रॅज्युएट व्हिसावर असशील तोवर सेंटर बंद झालं तर पगार जाईल, व्हिसा जाणार नाही. पण पुढे त्यांनी स्किल्ड वर्कर व्हिसा, म्हणजे नोकरी देणाऱ्याच्या नावावरचा, स्पॉन्सर केला आणि मग दुकान आवरलं, तर साधारण साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधायचा नाहीतर चालतं व्हायचं. ऑक्सफर्डमधल्या एखाद्या ब्रिटिश फिलॉसॉफरसाठी इन्स्टिट्यूट बंद होणं आणि आपल्यासारख्यांसाठी होणं यात हा फरक आहे, आणि या विषयावरच्या कुठल्याच लेखात तो मी वाचलेला नाही.

म्हणून त्या सेंटरच्या डायरेक्टरला सरळ विचार. पैसा किती वर्षांचा आहे, आणि हातात आलेला की नुसता कबूल झालेला? तुमच्या वर कुठली फॅकल्टी आहे आणि तिच्या हेडशी तुमचं शेवटचं बोलणं कधी झालं? इथले लोक शिकवतात का? सेंटरमधल्या एकाची तरी नोकरी कायमची आहे का, म्हणजे पैसा आटला तरी युनिव्हर्सिटीत उरेल असं कोणी आहे का? आधीचे रिसर्च असिस्टंट आता कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर डायरेक्टरकडून घेऊ नकोस, त्या पोरांना शोधून त्यांनाच मेसेज टाक, ते खरं सांगतात. एखादा डायरेक्टर म्हणाला की फॅकल्टीशी आमचा काही संबंध येत नाही, आम्ही आपले आमच्या मस्तीत असतो, तर तुला एवढी कहाणी सांगितल्यावर पुढचं मी सांगायला नको. आणि घेतलीस ती जागा तर युनिव्हर्सिटीत काम करणाऱ्यांच्या युनियनची मेंबर हो, युसीयूची. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर काँट्रॅक्ट वाढवलं नाही तर रिडंडन्सीचे पैसे, म्हणजे नोकरी गेल्याची भरपाई, मागता येतात, पण दोन वर्षांच्या काँट्रॅक्टवर ते कसं मोजतात, एक दिवस कमी पडतो का, हे सही करायच्या आधी युनियनवाल्यांना दाखव.

कंपनी. मित्राचं सगळंच चुकतंय असं नाही, पगार तिथे आहे, कॉम्प्युटर तिथे आहेत, आणि तू इंजिनिअर आहेस, तुझी बाजू तिथे पडती नाही. पण एक इंटरव्ह्यू म्हणजे ऑफर नाही. दुसरं, तुझ्या पत्राचा अर्ध्याहून जास्त भाग, जो मी वर गाळलाय, तो प्रश्नांबद्दल आहे, म्हणजे कोणी ठरवायचं, चूक झाली तर भरपाई कोणाला, पुढच्या पिढ्यांची बाजू कोण मांडणार. हे प्रश्न कंपनी तुला विचारू देईल, नाही असं नाही, पण उत्तर गैरसोयीचं आलं तर ते छापायचं की नाही हे तू ठरवणार नाहीस. हे तुला चालणार असेल तर जा, त्यात काही कमीपणा नाही. इंटरव्ह्यू मात्र पूर्ण कर, ऑफर आली तर हातात ठेव, प्रोफेसरबाईंशी पैशाचं बोलताना आवाज जरा वेगळा लागतो.

आणि पीएचडी. माझा कल इकडे आहे, लपवत नाही, पण पूर्ण पैसे मिळणार असतील तरच. २०२५-२६ साठी सरकारी रिसर्च कौन्सिलचा स्टायपेंड वर्षाला किमान २०,७८० पाउंड होता, म्हणजे महिना साधारण १,७३०, त्यावर टॅक्स नाही. तुझं २८ लाखांचं लोन साडेदहा टक्क्याने दहा वर्षांचं धरलं तर हप्ता ३७-३८ हजारांच्या घरात जातो, म्हणजे सव्वातीनशे पाउंडांच्या आसपास. खोलीभाडं वजा जाता हाताशी जे उरेल त्यात लंडनमध्ये मरशील, लीड्ससारख्या शहरात भागेल, डबा घरचा करायचा. बँकेला विचार की पीएचडी चालू असताना नुसतं व्याज भरलं तर चालतं का. पण खरी मेख स्टायपेंडमध्ये नसते, फीमध्ये असते. बऱ्याच ठिकाणी "फुल फंडिंग" म्हणतात आणि त्यात फी फक्त ब्रिटिश विद्यार्थ्याएवढी भरलेली असते, वरचा फरक आपण द्यायचा, आणि तो फरक वर्षाला हजारो पाउंडांचा असतो. शिवाय सरकारी पैशातल्या जागांमध्ये बाहेरच्या देशातल्यांना कोटा असतो, जास्तीत जास्त तीस टक्के. तेव्हा फरक अंगावर येणार असेल तर नको. आणखी लोन काढून पीएचडी करायची नाही, कितीही भारी विषय असो, कितीही थोर बाई असोत. तसं झालं तर ग्रॅज्युएट व्हिसा घेऊन दोन वर्षं नोकरी कर, मिळाली तर कंपनीतच कर, लोन उतरव, मग बघ. बोस्ट्रॉमचे प्रश्न दोन वर्षांत सुटणार नाहीयेत.

पीएचडीकडे माझा कल का, तर जुनं डिपार्टमेंट असतं ते पोरांना शिकवतं, तुलाही शिकवायला लावेल, आणि तू कंटाळून मला पत्र लिहिशील की पहिल्या वर्षाच्या मुलांचे निबंध तपासून डोळे गेले. ते कर. शिकवता येणारा माणूस सेंटर बंद झालं तरी कुठेतरी लागतो. त्या नव्या सेंटरलाही नाही म्हणताना दार आपटू नकोस, सेमिनारला येत जाईन म्हण, एखादा पेपर बरोबर लिहू म्हण. नाव तुझं राहील आणि व्हिसा, पगार, डिग्री हे सगळं मात्र जुन्या घराच्या कागदावर.

रागाचं राहिलं. राग येऊ दे की, त्यात काय. पण ज्या इन्स्टिट्यूटमध्ये तू कधी पाऊल ठेवलं नाहीस त्याच्या वतीने किती दिवस रागावणार? तिथे काम केलेले लोक आपापल्या नवीन जागी बसून पुढचे पेपर लिहितायत.

बाबांना फोन कर, पण वाद घालायला नको. त्यांना स्टायपेंडचा आणि हप्त्याचा हिशोब लिहून पाठव, दोन कॉलम काढून. ज्या बापाने २८ लाखांच्या कागदावर जामीन म्हणून सही केली असेल त्याला मानवजातीच्या भविष्यापेक्षा पुढच्या महिन्याचा हप्ता आधी दिसणार, आणि ते बरोबरच आहे.

प्रोफेसरबाईंना ईमेल आजच टाक. पहिल्या परिच्छेदात दोनच प्रश्न: आंतरराष्ट्रीय फी पूर्ण माफ आहे का, आणि जानेवारीत सुरू करता येईल का. खाली आभार वगैरे. पैशाचं कसं विचारायचं म्हणून लाजू नकोस, इथे सगळे विचारतात, आणि त्यांनी चार दिवसांत उत्तर दिलं नाही तर डिपार्टमेंटच्या पीजीआर ऑफिसला, म्हणजे पीएचडीवाल्यांचं काम बघणाऱ्या ऑफिसला, फोन लाव, तिथे बसणाऱ्या बाईला प्रोफेसरपेक्षा जास्त माहिती असते.

– तुझी ताई